बाबा फरीद गंजेशकर : जीवन, काव्य आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या सूफी संताच्या जीवनावर व काव्यावर बोलावे, अशी सूचना मला संस्थेकडून आली. नावे पुष्कळ होती. राबिया बसरी होत्या, मौलाना रूमी होते, अमीर खुसरो होते. त्यांतून मी शेख फरीदुद्दीन मसऊद गंजेशकर, म्हणजेच आपले बाबा फरीद, यांचे नाव निवडले. त्याला कारण आहे. आपल्या घरांतून मुलांच्या शिक्षणाविषयी जे प्रश्न रोज विचारले जातात, त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे या आठशे वर्षांपूर्वीच्या फकिराच्या आयुष्यात सापडतात, असे मला एक शिक्षक म्हणून वाटते. मी आलिम नाही, बी.ए., बी.एड. झालेला साधा शाळामास्तर आहे. तेव्हा तसव्वुफच्या गहन चर्चेत न शिरता, पालकांना व मुलांना उपयोगी पडेल तेवढेच सांगणार आहे.

बाबा फरीद यांचा जन्म इ. स. ११७५ च्या सुमारास, मुलतानजवळच्या कोठेवाल या गावी झाला. त्यांचे आजोबा काझी शुऐब हे तिकडील धामधुमीला कंटाळून काबूलहून मुलाबाळांसह पंजाबात आले होते. पुढे त्यांना कोठेवालची काझीची जागा मिळाली. म्हणजे हे घराणे विद्येचे. पण परागंदा होऊन आलेले. घरदार मागे राहिले तरी विद्या बरोबर आली, हे आपण लक्षात ठेवावे. त्यांच्या वडिलांचे नाव जमालुद्दीन सुलेमान व आईचे नाव करसुम बीबी. वडील लवकर वारले आणि मुलाला वाढविण्याचा सारा भार आईवर पडला.

या आईची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. लहानग्या फरीदला नमाजची गोडी लागावी म्हणून ती त्याच्या जानमाजखाली हळूच साखरेची पुडी ठेवीत असे. जो मुलगा मन लावून नमाज पढतो त्याला अल्लाह साखर देतो, असे ती म्हणे. एके दिवशी ती पुडी ठेवायला विसरली. पण मुलाने जानमाज उचलले तो साखर तेथे होतीच! ‘गंजेशकर’ म्हणजे साखरेचा खजिना. हे नाव त्यांना कसे पडले याच्या अनेक कथा आहेत, त्यांतली ही एक. कथेतला चमत्कार बाजूला ठेवून मी माझ्या धंद्याच्या नजरेने तिच्याकडे पाहतो. ही आई मारीत नाही, ओरडत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करीत नाही. मुलाला आधी गोडी लावते. बी.एड.च्या वर्गात आम्हाला मानसशास्त्राच्या जाड पुस्तकातून जे शिकवले, ते करसुम बीबीला न शिकता ठाऊक होते. माझ्या माताभगिनींनो, मुलाची पहिली शाळा तुमच्या हातात आहे, हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून म्हणत नाही. फरीद यांचे सर्वांत मोठे शिष्य हजरत निजामुद्दीन औलिया हेही बदायूंला लहानपणीच पोरके झाले आणि त्यांनाही त्यांच्या आईनेच, बीबी झुलेखा यांनी, उपासतापास सोसून शिकवले. दोन पिढ्यांचे दोन थोर पुरुष दोन विधवा मातांनी घडविले. मग आपल्या मोहल्ल्यात ‘मुलीला जास्त शिकवून काय करायचे?’ असे कोणी म्हणाले, तर त्याला विचारा, की उद्या त्या मुलीच्या मांडीवर खेळणाऱ्या फरीदला कोण शिकवणार?

पुढील शिक्षणासाठी फरीद मुलतानला गेले. त्या काळी मुलतान हे विद्येचे मोठे केंद्र होते. तेथे मशिदीत बसून ते ‘नाफे’ नावाचा फिकहचा ग्रंथ वाचीत असताना ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी तेथे आले. काय वाचतोस, असे त्यांनी विचारले. मुलाने ग्रंथाचे नाव सांगितले. नाफे म्हणजे लाभदायक. याचा तुला लाभ होईल का, असा ख्वाजासाहेबांनी प्रश्न केला. माझा लाभ आपल्या कृपादृष्टीत आहे, असे म्हणून तो तरुण त्यांच्या पायांवर झुकला. येथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र आपण विसरतो. हा तरुण पुस्तक मिटून गुरूमागे दिल्लीला निघाला, तेव्हा ख्वाजासाहेबांनी त्याला आधी आपले शिक्षण पुरे करावयास सांगितले, असे परंपरा सांगते. विद्या पुरी झाली, मग ते दिल्लीस गेले आणि मुरीद झाले.

पालकहो, येथे मला स्पष्ट बोलू द्या. मार्च महिना आला की आपल्यातील काही जण मुलाला घेऊन दर्ग्यावर जातात, परीक्षेसाठी ताईत आणतात, चादर बोलतात. श्रद्धेने केलेल्या दुआला मी नावे ठेवीत नाही. दुआ मीही मागतो. पण ज्या बुजुर्गांच्या दारात आपण उभे राहतो, त्यांनी स्वतः काय केले, हेही पाहावे की नाही? ख्वाजा कुतबुद्दीन यांच्यासारखा पीर समोर उभा असतानाही फरीद यांना आधी पुस्तक पुरे करावे लागले. मग आपल्या मुलाला इतिहास-भूगोलाचे पुस्तक उघडल्याशिवाय कसे चालेल? बाबांच्या नावाने चादर चढवायची असेल तर अवश्य चढवा. पण घरी आल्यावर मुलाला तासभर दिव्यापाशी बसवा. बाबांना ते अधिक आवडेल.

दिल्लीस त्यांनी गुरूच्या देखरेखीखाली कठोर साधना केली. इ. स. १२३५ मध्ये ख्वाजा कुतबुद्दीन यांचे निधन झाले तेव्हा फरीद हांसी येथे राहत होते. गुरूची गादी त्यांच्याकडे आली. दिल्लीत राहिले असते तर राजधानीतले मानसन्मान होते, अमीर-उमरावांची ये-जा होती. पण ते दिल्ली सोडून पुन्हा हांसीला गेले, आणि शेवटी सतलज नदीच्या उतारावरील अजोधन या आडवळणाच्या गावी जाऊन राहिले. हेच आजचे पाकिस्तानच्या पंजाबातील पाकपट्टण. तो काळ फार धकाधकीचा होता. मोंगोल टोळ्यांनी इ. स. १२४१ मध्ये लाहोर लुटले आणि १२५८ मध्ये बगदादची राखरांगोळी केली. अशा काळात, सरहद्दीच्या वाटेवर, एक मोठी खोली बांधून हा माणूस सर्वांसाठी दार उघडे ठेवून बसला.

त्या खोलीला ‘जमातखाना’ म्हणत. तेथे मौलवी येत, शेतकरी येत, शिपाई येत, जोगीही येत. निजामुद्दीन औलिया यांनी अजोधनला एका जोग्याशी झालेल्या आपल्या संभाषणाची आठवण पुढे सांगितली आहे. राहणारे सारे जण काम वाटून घेत. कोणी रानातून लाकूड आणी, कोणी पाणी भरी, कोणी करीलच्या झुडपाची फळे तोडून आणी. ती फळे उकडून खायची. मीठ मिळाले तर मीठ, नाही तर अळणीच.

या मिठाचीच एक गोष्ट आहे. एके दिवशी स्वयंपाकाचे काम तरुण निजामुद्दीन यांच्याकडे होते. घरात मीठ नव्हते, म्हणून त्यांनी वाण्याकडून थोडे मीठ उधार आणले व फळांत घातले. शेख जेवायला बसले, घास उचलला, आणि हात जड होत आहे, या अन्नात काही तरी संशयास्पद आहे, असे म्हणून त्यांनी तो परत ठेवला. चौकशी झाली. मीठ उधारीचे आहे, असे कळले. जिभेच्या चवीसाठी कर्ज काढण्यापेक्षा दरवेशाने उपाशी राहिलेले बरे, अशी समज त्यांनी शिष्यांना दिली.

चिमूटभर मीठ! आणि आपण? मुलीच्या लग्नात मांडव मोठा हवा, चार प्रकारचे जेवण हवे, म्हणून आपण सावकाराकडे किंवा पतपेढीत जातो, आणि पुढची पाच वर्षे हप्ते फेडतो. मग त्याच घरातला मुलगा दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजमध्ये जातो, कारण हप्ता भरायचा आहे. माझ्या वर्गातून अशी हुशार मुले गेली आहेत. हजेरीपटावर त्यांच्या नावावर लाल रेघ ओढताना शिक्षकाला काय वाटते, ते मी येथे सांगत बसत नाही. एवढेच म्हणतो, की कर्ज काढायचेच झाले तर ते मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी काढा. गुलाल आणि बिर्याणी यांच्यासाठी काढू नका. ज्या बाबांचे नाव आपण आदराने घेतो, त्यांनी उधारीच्या मिठाचा घास घेतला नाही.

सत्तेसमोरही त्यांची वृत्ती हीच होती. सुलतान नासिरुद्दीन महमूदचे सैन्य मुलतानकडे जात असता उलुघ खान, म्हणजे पुढचा सुलतान बल्बन, शेखांच्या भेटीस आला. त्याने रोख रक्कम आणि चार गावांची सनद पुढे ठेवली. शेखांनी रक्कम तेथल्या तेथे फकिरांत वाटून टाकली व सनद परत केली. गावे हवी असणारे पुष्कळ आहेत, त्यांना द्यावीत, असे ते म्हणाले. आणखी एक प्रसंग आहे. कोणी तरी त्यांना कात्री भेट दिली. मला कात्री नको, सुई द्या. माझे काम कापण्याचे नाही, जोडण्याचे आहे, असे त्यांनी सांगितले. आपल्या संस्थांतून, जमातींतून, कधी कधी एकाच मोहल्ल्यातल्या दोन मशिदींतून जी भांडणे होतात, ती पाहिली की ही सुई फार आठवते.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक गोष्ट. निजामुद्दीन अजोधनला प्रथम गेले ते इ. स. १२५७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास. ते दिल्लीचे नामवंत विद्यार्थी होते. वादविवादात कोणाला हार जात नसत. शेखांनी त्यांना स्वतः शिकवले. आधी कुराणशरीफचे शुद्ध पठण, मग ‘अवारिफुल मआरिफ’ या ग्रंथाचे काही अध्याय. शेखांजवळची प्रत बारीक अक्षरातली व सदोष होती, म्हणून ते मध्येच अडत. शिष्य सहज बोलून गेला, की शेख नजीबुद्दीन यांच्याकडे चांगली प्रत आहे. गुरूला ते लागले. सदोष प्रत सुधारण्याची शक्ती या दरवेशात नाही काय, असे ते पुन्हापुन्हा म्हणाले. आपण काय बोललो हे निजामुद्दीन यांना उमगले, तेव्हा ते रडत बाहेर पडले. शेवटी शेखांच्या मुलाने रदबदली केली आणि क्षमा मिळाली. हे सारे तुझ्या भल्यासाठी केले, असे सांगून शेखांनी त्यांना आपली वस्त्रे दिली. हुशारी ही चांगली गोष्ट आहे. पण हुशारीला नम्रतेचे वळण लावणारा गुरू लागतो. तुमच्यापैकी जे पहिल्या बाकावर बसतात त्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

आता त्यांच्या काव्याकडे वळतो.

बाबा फरीद अरबी जाणत होते, फारसी जाणत होते. त्या काळी दरबारात आणि विद्वानांत मान होता तो फारसीला. पण ज्या काव्यामुळे त्यांचे नाव घरोघर गेले, ते त्यांनी मुलतानकडच्या पंजाबी बोलीत रचले. जी भाषा विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया बोलत, जी नावाडी बोलत, ती भाषा. पंजाबी कवितेचा इतिहास लिहिताना अभ्यासक आरंभी त्यांचे नाव घेतात.

हे काव्य टिकले कसे, हीही मोठी हृद्य हकीकत आहे. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी इ. स. १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांनी शेख फरीद यांची चार पदे व एकशे बारा श्लोक घेतले. शिखांचे पहिले गुरू नानकदेव हे पाकपट्टणला फरीद यांच्या गादीवरील शेख इब्राहीम यांना भेटले होते. त्यामुळे यांतील काही रचना इब्राहीम यांच्या असाव्यात, असेही काही अभ्यासक मानतात. पण शीख परंपरा हे काव्य बाबा फरीद यांचेच समजून आदराने गाते. एका मुसलमान फकिराची वाणी गुरुद्वारात नित्य वाचली जाते, यापरता सन्मान कोणता? आणि गंमत अशी, की फरीद यांच्या श्लोकांमध्ये शीख गुरूंचे अठरा श्लोकही गुंफलेले आहेत. फरीद जेथे देहाला फार कष्टवण्याची भाषा करतात, तेथे गुरू आपले वेगळे मत शेजारी मांडतात. मत वेगळे असूनही मूळ शब्द त्यांनी पुसला नाही. वाद कसा करावा, याचा हा धडा आहे.

आपणा महाराष्ट्रीयांना आणखी एका कारणाने या ग्रंथाचे अगत्य वाटावे. फरीद वारले त्यानंतर पाच वर्षांनी, इ. स. १२७० मध्ये, आपले संत नामदेव जन्मले. त्यांची सुमारे साठ पदे याच ग्रंथात आहेत. पंढरपूरचा शिंपी आणि अजोधनचा शेख, दोघेही एकाच ग्रंथात बसलेले आहेत. एकाच्या हातात धंद्याची सुई, तर दुसऱ्याने मागून घेतलेली सुई!

या काव्यात काय आहे? त्यातील दृश्ये सारी रोजच्या जगण्यातली आहेत. नदीच्या कडेला उभे असलेले झाड, ज्याच्या मुळाखालची माती रोज थोडी थोडी वाहून जाते आहे. कच्च्या मडक्यात भरलेले पाणी. पावसाची रात्र, चिखलाची वाट, दूरचे प्रियकराचे घर, आणि भिजून जाणारी घोंगडी. घरची कोरडी भाकरी, आणि तिच्यावर समाधान मानण्याची शिकवण. म्हातारपणी थकलेले पाय, ज्यांनी तरुणपणी डोंगर तुडवले होते. पायाखालची धूळ, जी जिवंतपणी आपण तुडवतो आणि मेल्यावर जी आपल्यावर येते. मरणाची आठवण त्यांच्या कवितेत जागोजागी येते. पण ती माणसाला खचविण्यासाठी येत नाही. वेळ थोडा आहे, तेव्हा जागा हो, कोणाचे मन मोडू नकोस, असे ती सांगते. मारणाऱ्याला उलट मारू नये, हा विचार त्यांच्या श्लोकांत आहे. आपले दुःख आपल्यालाच आहे असे वाटत असता उंचावर चढून पाहिले तर घरोघर तीच आग दिसते, असा अनुभवही आहे. ज्याला दुसऱ्याचे दुःख दिसले, तो आपल्या दुःखाचा बडेजाव करीत नाही.

मी मराठीचा शिक्षक असल्याने मला या काव्याचे मोल आणखी एका बाजूने वाटते. आपल्यातील काही पालक मला विचारतात, की मुलगा मराठी शाळेत शिकला तर दीनला पारखा होणार नाही ना? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याची थट्टा करू नये. उर्दूत मोठा ठेवा आहे. तो मुलांना मिळावा, अरबीचे शुद्ध उच्चार यावेत, असे मलाही वाटते. पण बाबा फरीद यांचे उदाहरण पाहा. कुराणशरीफचे शुद्ध पठण शिष्याला स्वतः शिकवणारा हा माणूस, मनातली गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा आईच्या भाषेत बोलला. त्याने त्याचा दीन उणा झाला नाही. उलट ती भाषा मोठी झाली. कोकणातल्या आपल्या घरात जी बोली बोलतात, देशावर जी दखनी बोलतात, शाळेत जी मराठी शिकतात, त्यांतली कोणतीही भाषा अल्लाहला परकी नाही. मुलाला जी भाषा समजते तीतच त्याला गणित समजेल आणि तीतच नमाजचा अर्थही आधी उमगेल. भाषेची लाज बाळगणारे मूल वर्गात तोंड उघडत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

बाबा फरीद आणि आपली ही भूमी यांचे नाते फार जवळचे आहे. त्यांचे शिष्य निजामुद्दीन, निजामुद्दीन यांचे शिष्य शेख बुऱ्हानुद्दीन गरीब. हे दौलताबादला आले आणि इ. स. १३३७ मध्ये वारले. त्यांची मजार खुलताबादला आहे. निजामुद्दीन यांच्या तोंडून निघालेल्या बाबा फरीद यांच्या आठवणी ज्यांनी ‘फवायदुल फुआद’ या ग्रंथात लिहून ठेवल्या, ते कवी अमीर हसन सिजझी हेही खुलताबादलाच चिरनिद्रा घेत आहेत. म्हणजे मी आज ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या काही टिपून ठेवणारा हात आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत आहे. सहलीला मुलांना वेरूळला नेता, तेव्हा दोन पावले पुढे जाऊन खुलताबादही दाखवा, आणि ही हकीकत सांगा.

हिजरी ६६४ च्या मोहरमच्या पाच तारखेला, म्हणजे ऑक्टोबर १२६५ मध्ये, बाबा फरीद यांचे निधन झाले. त्यांचे वय नव्वदीच्या घरात होते. त्या रात्री शुद्ध येई तेव्हा ते इशाची नमाज झाली का असे विचारीत, आणि पुन्हा पढत. घरात कफनाला पैसा नव्हता. कबरीसाठी घराच्याच दाराच्या कच्च्या विटा काढाव्या लागल्या, असे चरित्रकार सांगतात. ज्यांनी चार गावे नाकारली त्यांच्या घरची ही स्थिती. आज भारतातील पंजाबात त्यांच्या नावाचे फरीदकोट शहर आहे, आणि तेथे इ. स. १९९८ पासून त्यांच्याच नावाचे वैद्यकीय विद्यापीठ आहे. दाराच्या विटा गेल्या, आणि त्यांच्या नावाने विद्येचे घर उभे राहिले.

बंधू-भगिनींनो, आपली ही संस्था अशीच एकेक वीट लावून उभी राहिली आहे. कोणी वर्गणी दिली, कोणी वेळ दिला. तिला पुढे न्यायची असेल तर निघताना तीन गोष्टी मनाशी ठरवा. एक, माझ्या घरातली मुलगी दहावीच्या आत शाळेतून काढणार नाही. दुसरी, लग्नकार्यासाठी कर्ज काढून मुलाची फी थकविणार नाही. तिसरी, रोज संध्याकाळी मुलगा पुस्तक घेऊन बसला की त्याच्याजवळ मीही बसेन. मला वाचता येत नसले तरी बसेन. करसुम बीबीने साखर ठेवली होती. आपण निदान आपला वेळ ठेवू या.

 अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक इल्म देवो, ही दुआ करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.